अडुसष्ट दिवसांचा ताळेबंद : टाळेबंदी आणि आपल्या नद्या

२५ मार्च २०२० रोजी देशभर टाळेबंदी लागू झाली आणि चार टप्प्यांत ती ३१ मेपर्यंत, म्हणजे अडुसष्ट दिवस, चालली. बाजारपेठा मिटल्या, कापड रंगविणाऱ्या कारखान्यांची यंत्रे थांबली, तीर्थक्षेत्रांचे घाट ओस पडले. त्याच सुमारास गंगेच्या निवळ पाण्याची छायाचित्रे घरोघरी पोहोचली. माणूस थांबला की नदी आपोआप शुद्ध होते, असा निष्कर्ष अनेकांनी तत्काळ काढला.

हा निष्कर्ष खरा मानला, तर उद्योग-व्यापार आणि नदी यांपैकी एकाचीच निवड करावी लागेल. ज्यांनी त्या अडुसष्ट दिवसांत दुकानाचे भाडे, कामगारांचे पगार आणि कर्जाचे व्याज भरले, त्यांच्या दृष्टीने हा काही शोभेचा विषय नव्हे. म्हणूनच छायाचित्रे बाजूला ठेवून आकडे पाहणे अगत्याचे ठरते.

पहिला अंदाज आणि नंतरचा हिशेब

टाळेबंदीच्या पहिल्या काही दिवसांत केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या गंगेवरील ३६ स्वयंचलित केंद्रांपैकी २७ ठिकाणचे पाणी स्नानास योग्य असल्याचे दिसून आले. या योग्यतेचे निकष ठरलेले आहेत. पाण्यात विरघळलेला प्राणवायू लिटरमागे किमान ५ मिलिग्रॅम असावा आणि ‘बीओडी’ ३ मिलिग्रॅमपेक्षा अधिक नसावा. बीओडी म्हणजे पाण्यातील सेंद्रिय घाण कुजविताना जिवाणूंना लागणारा प्राणवायू. घाण जितकी अधिक, तितका हा आकडा मोठा आणि माशांच्या वाट्याला उरणारा प्राणवायू कमी.

पुढे याच मंडळाने देशातील १९ प्रमुख नद्यांच्या मार्च आणि एप्रिलमधील नमुन्यांची तुलना प्रसिद्ध केली. टाळेबंदीपूर्वी सुमारे ७७ टक्के ठिकाणे स्नानाच्या निकषांत बसत होती. टाळेबंदीत हे प्रमाण सुमारे ७६ टक्के निघाले. ब्राह्मणी, ब्रह्मपुत्रा, कावेरी, गोदावरी, कृष्णा, तापी आणि यमुना या सात नद्यांची स्थिती सुधारली. याउलट बियास, चंबळ, सतलज, सुवर्णरेखा आणि जिच्या छायाचित्रांनी सर्वांना सुखावले ती गंगा, या पाच नद्यांची स्थिती खालावली. सारा देश थांबलेला असताना एकूण बेरीज जवळजवळ जागच्या जागीच राहिली.

कारखाने थांबले, सांडपाणी थांबले नाही

याचे पहिले कारण आपल्या घरात आहे. टाळेबंदीत कारखान्याचा नळ बंद झाला. स्वयंपाकघर, न्हाणीघर आणि शौचालय यांचा झाला नाही. किंबहुना सर्व माणसे दिवसभर घरी असल्याने वस्त्यांमधील वापर चालूच राहिला. मंडळाच्या २०२१ च्या अहवालानुसार देशाच्या शहरी भागात दररोज ७२,३६८ दशलक्ष लिटर सांडपाणी निर्माण होते. त्यांपैकी प्रत्यक्षात प्रक्रिया होते ती २०,२३६ दशलक्ष लिटरवर, म्हणजे सुमारे २८ टक्के. उरलेले नाले, ओढे आणि नद्या यांत जाते. गंगेच्या प्रदूषणातही मोठा वाटा शहरांच्या मैलापाण्याचाच आहे.

दुसरे कारण नदीच्या प्रवाहात आहे. घाणीचे प्रमाण तेच राहिले आणि वरून येणारे पाणी घटले, तर प्रत्येक लिटरमधील घाण वाढते. उन्हाळ्याच्या तोंडावर अनेक नद्यांचे हेच झाले. अपुऱ्या प्रक्रियेचे सांडपाणी आणि वरून ताज्या पाण्याचा अभाव, अशी दोन्ही कारणे मंडळाने नोंदविली आहेत.

यमुनेचा उलगडा

यमुनेचे उदाहरण या दृष्टीने अभ्यासण्याजोगे आहे. वझीराबाद ते ओखला हा दिल्लीतील सुमारे २२ किलोमीटरचा पट्टा. नदीच्या एकूण लांबीच्या तो दोन टक्क्यांहूनही कमी. पण यमुनेच्या प्रदूषणाचा तीन-चतुर्थांशाहून अधिक भार याच पट्ट्यात पडतो. निजामुद्दीन पुलाजवळ एप्रिल २०१९ मध्ये बीओडी लिटरमागे ५७ मिलिग्रॅम होता. एप्रिल २०२० मध्ये तो ५.६ वर आला. पूर्वी तेथे विरघळलेला प्राणवायू शून्य होता, तो २.४ मिलिग्रॅम झाला. सुधारणा डोळ्यांत भरण्याजोगी खरी. पण स्नानाच्या निकषापर्यंत नदी तेव्हाही पोहोचली नाही.

ही सुधारणा कशाच्या खात्यावर मांडावी? २०१९ च्या एप्रिलमध्ये वझीराबादहून सरासरी १,००० क्युसेक ताजे पाणी सोडले जात होते. टाळेबंदीत ते ३,९०० क्युसेक झाले. त्या वर्षी उत्तर भारतात मार्चमध्ये पाऊसही सरासरीहून पुष्कळ अधिक पडला होता. ढोबळ हिशेब केला, तर पाणी चौपट होताच ५७ चा आकडा केवळ मिसळणीने चौदा-पंधरावर येतो. उरलेल्या घटीत कारखान्यांची विश्रांती, घाटावरील शांतता आणि पाऊस यांचा वाटा. दिल्लीच्या औद्योगिक वसाहतींचे सांडपाणी दररोज सुमारे ३.६ कोटी लिटर, तर घरगुती सांडपाणी ३०० कोटी लिटरहून अधिक आहे, हेही लक्षात घ्यावे. त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात कालिंदी कुंज येथे यमुनेवर पुन्हा पांढरा फेस तरंगला. त्या फेसामागे कपडे धुण्याच्या साबण-पावडरींतील फॉस्फेटचाही हात असतो.

निवळ म्हणजे शुद्ध नव्हे

त्याच काळात इटलीतील व्हेनिसचे कालवे नितळ झाल्याची वार्ता जगभर गेली. तेथील नगरप्रशासनाने खुलासा केला, की नौकांची वर्दळ थांबल्याने तळाचा गाळ ढवळला जात नाही, म्हणून पाणी स्वच्छ दिसते. पाण्याची प्रत बदललेली आहेच असे नाही. आपल्याकडेही डोळ्यांना दिसणारी निवळी आणि प्रयोगशाळेतील निष्कर्ष यांची गल्लत झाली.

घरगुती सांडपाणी परिमाणाने मोठे म्हणून उद्योगांनी स्वतःला निर्दोष ठरवावे, असा मात्र याचा अर्थ नाही. मैल्यातील सेंद्रिय द्रव्य प्राणवायू मिळाल्यास काही काळात कुजून संपते. चामडे कमाविण्याच्या कामातील क्रोमियमसारखे धातू कुजत नाहीत. ते गाळात साठून राहतात. कापड रंगविताना वापरलेले मीठ साध्या जैविक प्रक्रियेने निघत नाही, आणि रंगामुळे सूर्यप्रकाश पाण्यात शिरत नाही. अडुसष्ट दिवसांच्या विश्रांतीने ही जुनी बाकी फिटणारी नव्हती.

बंद करणे आणि सुधारणे

हा प्रश्न व्यापारावर कसा उलटतो, ते तमिळनाडूतील तिरुप्पूरने अनुभवले आहे. होजिअरीच्या निर्यातीसाठी प्रसिद्ध असलेल्या या शहरातील रंगकामाच्या पाण्याने नोय्यल नदी आणि खालची शेती क्षारांनी बाधित झाली. शेतकरी न्यायालयात गेले आणि जानेवारी २०११ मध्ये मद्रास उच्च न्यायालयाने तेथील रंगकामाचे कारखाने बंद करण्याचा आदेश दिला. शेकडो कारखाने एकाएकी थांबले, काम अन्यत्र गेले, मजूर परतले. पुढे सामायिक प्रक्रिया केंद्रे सुधारून, सांडपाण्याचा एक थेंबही बाहेर न सोडण्याच्या अटीवर, टप्प्याटप्प्याने काम सुरू झाले. आज तेथे पाण्याचा फार मोठा भाग आणि मीठही परत मिळवून पुन्हा वापरले जाते. हा खर्च मोठा आहे, विजेचे देयक जड आहे. पण कुलूप लागलेल्या कारखान्याचा खर्च त्याहून जड होता.

महाराष्ट्राला ही गोष्ट दूरची नाही. मंडळाच्या २०२२ च्या अहवालात देशातील २७९ नद्यांवर ३११ प्रदूषित पट्टे नोंदविले असून, त्यांपैकी सर्वाधिक ५५ आपल्या राज्यात आहेत. इचलकरंजीसारख्या वस्त्रनगरीचा धंदा आणि पंचगंगेकाठच्या गावांचे पिण्याचे पाणी एकाच नदीशी बांधलेले आहे.

ज्यांचा कारखाना आहे, त्यांनी प्रक्रिया केंद्राच्या खर्चाला दंड टाळण्याचा उपाय न मानता कच्च्या मालाइतकाच उत्पादनखर्च मानावा आणि तो दरात धरावा. ज्यांचा केवळ व्यापार आहे, त्यांनी माल घेताना प्रक्रिया कोठे व कशी होते, हे दराबरोबरच विचारावे. स्वस्त दर देणारा अनेकदा पाण्याचा खर्च नदीच्या माथी मारीत असतो. गृहनिर्माण संस्थांनी आपले सांडपाणी प्रक्रिया केंद्र खरोखर चालू आहे का, याची दर महिन्याच्या सभेत नोंद घ्यावी. नगरपालिकेच्या अर्थसंकल्पात मैलापाण्याच्या तरतुदीपैकी किती रक्कम खर्ची पडली, हे विचारणारे नागरिक आज थोडे आहेत. ज्यांना हिशेब वाचता येतो, त्या व्यापारी वर्गाने हे काम अंगावर घ्यावे.

टाळेबंदीने यमुनेत प्राणवायू काही काळ परत आणला, तो प्रवाह वाढला आणि घाण घटली म्हणून. ही दोन्ही कामे दुकाने उघडी ठेवूनही करता येतात.