रसाच्या नळ्या आणि आपला बगॅस

ऐन हंगामात ‘क्लीनिंग’साठी गाळप थांबते, गव्हाणीपुढे गाड्यांची रांग लागते आणि सभासद बंधू-भगिनी चिडतात. त्यांचे चिडणे खोटे नाही. तोडलेला ऊस वाळतो, वजन घटते. पण ही साफसफाई कशाची, हे समजून घ्यायला हवे.

मिलमधला रस ज्यूस हीटरमध्ये जातो. हीटर म्हणजे बंद पिंपात बसवलेल्या शेकडो नळ्या. नळ्यांतून रस धावतो, बाहेरून वाफ असते. कच्चा रस सुमारे ७० ते ७५ अंशांपर्यंत तापवतात. चुना व गंधकाचा धूर दिल्यावर पुन्हा शंभराच्या थोडे वर नेतात.

वाफेची उष्णता रसाला मिळताना नळीचा धातू फारसा आडवा येत नाही. अडवणूक होते ती आतल्या अंगाला. ओढ्याच्या मध्ये धार असते, पण काठाशी पाणी संथ असते ना? तसाच नळीला चिकटून रसाचा पातळ पदर जवळजवळ थांबलेला असतो. त्यातून उष्णता सावकाश झिरपते. रस जोरात पळवला की हा पदर आणखी पातळ होतो. वेग दुप्पट केला तर उष्णता स्थूलमानाने पावणेदोन पट वेगाने जाते. मग वेग वाढवतच का नेत नाहीत? कारण तेवढ्यासाठी पंपाला साडेतीन-चारपट दाब द्यावा लागतो, आणि विजेचे बिल त्याहून वर जाते! म्हणून सेकंदाला दीड ते दोन मीटर वेग बरा. नळीत पिळाची पट्टी घालून प्रवाह घुसळण्याचीही युक्ती आहे. स्वच्छ द्रवाला ती चांगली. उसाच्या रसात मात्र बारीक भुसा तिला अडकणार आणि ब्रशही फिरणार नाही, असे आमचे मत आहे.

दुसरा अडथळा थराचा. हीटरच्या नळ्यांत चुन्याचे क्षार बसतात, इव्हॅपोरेटरच्या शेवटच्या बॉडीत सिलिका दगडासारखी धरते. एक मिलिमीटर थर उष्णतेला जवळपास दहा सेंटिमीटर जाड पितळेइतका अडवतो. मग रस पुरता आटत नाही, पाक पातळ येतो, पॅनला जादा वाफ लागते आणि बॉयलर जादा बगॅस खातो. उसाच्या वजनात बगॅस २८ ते ३० टक्के. तो शिल्लक राहिला तर विकता येतो, सहवीजनिर्मिती असेल तिथे त्याची वीज होते. म्हणजे नुकसान शेवटी सभासदाचेच.

ही सिलिका येते कुठून? बरीचशी आपल्याच शेतातून. मुळांची माती, वाढे, पाचट मोळीबरोबर गव्हाणीत पडते. रस निवळताना बरीच घाण खाली बसते, उरलेली नळ्यांना चिकटते. ऊस साफ करून बांधा, हे तोडणीच्या टोळीला बजावून सांगितले पाहिजे.

आता क्लीनिंग. नळ्यांत कॉस्टिक सोडा उकळून थर मऊ करतात, पाण्याने धुतात, मग एकेका नळीत ब्रश फिरवतात. एका बॉडीत नळ्या हजारावर असू शकतात, म्हणून वेळ लागतो.