फाइल कोणाची, हे मोबाइलला कसे कळते?

मोबाइलवर आलेल्या पीडीएफ फाइलवर बोट टेकवले की ती लगेच उघडते. एखाद्या अपरिचित फाइलच्या बाबतीत मात्र ती उघडू शकेल असे अ‍ॅपच नसल्याचा संदेश झळकतो. विशेष म्हणजे, ती फाइल तयार करणारे अ‍ॅप त्याच मोबाइलमध्ये असतानाही असे घडू शकते. त्या वेळी दोष अनेकदा फाइलचा नसतो. अ‍ॅप तयार करताना राहून गेलेल्या नोंदणीचा असतो.

समजा, गृहनिर्माण सोसायटीचे हिशेब ठेवणारे एक अ‍ॅप आहे आणि ते स्वतःच्या वेगळ्या प्रकारच्या फाइलमध्ये माहिती साठवते. जुन्या खजिनदारांनी ती फाइल नव्या खजिनदारांना पाठवली. नव्या खजिनदारांच्या मोबाइलने ती कोणत्या अ‍ॅपकडे सोपवावी?

फाइलच्या नावात टिंबानंतर येणारी अक्षरे, म्हणजेच एक्स्टेन्शन, ही तिची ढोबळ ओळख. पण एकच एक्स्टेन्शन दोन कंपन्या वापरू शकतात. म्हणून आयफोनमध्ये अ‍ॅपला दोन गोष्टी जाहीर कराव्या लागतात. पहिली, फाइलच्या प्रकाराचे एकमेव नाव. ते सहसा कंपनीच्या संकेतस्थळाचा पत्ता उलट्या क्रमाने लिहून तयार करतात, त्यामुळे दोन नावांची गल्लत होत नाही. दुसरी गोष्ट म्हणजे अ‍ॅपची भूमिका : ते फाइल केवळ दाखवते की त्यात बदलही करते, आणि ते त्या प्रकाराचे मालक आहे की पर्यायी वाचक. प्रकार स्वतःचा असेल तर तो ‘एक्स्पोर्टेड’, दुसऱ्याचा असेल तर ‘इम्पोर्टेड’ म्हणून नोंदवायचा असतो. इतरांच्या प्रकारावर मालकी सांगितल्यास गोंधळ अटळ.

अँड्रॉइडची रीत निराळी. तेथे अ‍ॅपच्या ‘मॅनिफेस्ट’मध्ये कोणत्या फाइली स्वीकारणार, हे लिहिलेले असते. ओळखीचा मुख्य आधार ‘माइम’ प्रकार. ई-मेलमधून मजकुराखेरीज इतर गोष्टी पाठवता याव्यात म्हणून १९९२ मध्ये ही पद्धत मांडण्यात आली. अडचण अशी की, नव्या एक्स्टेन्शनचा माइम प्रकार अँड्रॉइडला ठाऊक नसतो. अशी फाइल बहुधा ‘नुसता डेटा’ या सर्वसाधारण शिक्क्यानिशी येते, आणि तिच्या पत्त्यात मूळ नाव असेलच असे नाही. अ‍ॅपने हा शिक्का स्वीकारला नाही, तर स्वतःचीच फाइल हुकते. स्वीकारला, तर भलत्याच फाइलींसाठीही त्याचे नाव यादीत झळकते. त्यामुळे अनेक अ‍ॅप शिक्का स्वीकारून फाइल आतून तपासतात.

ही तपासणी एरवीही आवश्यकच आहे. नोंदणी हा केवळ दावा असतो, पुरावा नव्हे. फाइलचे नाव कोणीही बदलू शकतो. लग्नपत्रिकेच्या नावाखाली व्हॉट्सअ‍ॅपवरून घातक अ‍ॅप पाठवण्याचे प्रकार भारतात उघडकीस आले आहेत, ते नावावर विसंबण्याच्या सवयीमुळेच.

ग्राहकाच्या दृष्टीने बोध सोपा आहे. अ‍ॅप काढून टाकले की त्याची नोंदणीही जाते. मागे उरलेल्या फाइलला कोणी वाली राहत नाही. म्हणून वर्षानुवर्षांच्या नोंदी अ‍ॅपच्या हवाली करण्यापूर्वी, त्या पीडीएफ किंवा सीएसव्हीसारख्या सर्वमान्य प्रकारात बाहेर काढता येतात की नाही, हे आधीच पाहून घेणे शहाणपणाचे.