शालीनतेचा पहारा आणि समतेचे कलम

भारतीय माध्यम-नियमनात स्त्रीचा प्रश्न शिरला तो अश्लीलतेच्या दारातून. रणजित उदेशी खटल्यात (1965) सर्वोच्च न्यायालयाने इंग्लंडातली हिकलिन कसोटी मान्य केली. मजकुराने वाचकाचे मन बिघडेल का, हा तिचा गाभा. ‘रंभा’ मासिकाच्या 1962 च्या दिवाळी अंकातल्या ‘शामा’ कथेवरून तिचे लेखक चंद्रकांत काकोडकर यांच्यावर झालेला खटला याच चौकटीत लढवला गेला. 1969 मध्ये ते निर्दोष सुटले. काळजी होती ती कोवळ्या वयाच्या वाचकाची. कथेतल्या स्त्रीला माणूस म्हणून वागवले आहे का, हा मुद्दाच नव्हता.

चौकट बदलली ती चळवळीमुळे. देसाईगंज पोलीस ठाण्यात 1972 मध्ये एका आदिवासी मुलीवर झालेल्या बलात्काराच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने 1978 मध्ये पोलिसांना निर्दोष सोडले. उपेंद्र बक्षी, लतिका सरकार, वसुधा धागमवार आणि रघुनाथ केळकर या कायद्याच्या प्राध्यापकांनी 1979 मध्ये सरन्यायाधीशांना खुले पत्र लिहिले आणि 1980 मध्ये बायका रस्त्यावर आल्या. त्या रेट्यातून 1983 ची फौजदारी दुरुस्ती झाली. तिच्यातल्या 228-अ कलमाने पीडितेची ओळख छापणे गुन्हा ठरवला. ज्या मुलीमुळे हे घडले तिला त्याचा आडोसा मिळाला नाही. खटला आजही तिच्याच नावाने शिकवला जातो. पुढे सर्वोच्च न्यायालयाच्या निपुण सक्सेना निकालाने (2018) मृत पीडितेलाही हे संरक्षण भक्कमपणे दिले. भारतीय न्याय संहितेत ते आता कलम 72 मध्ये आहे.

स्त्रियांच्या असभ्य चित्रणाविरुद्धच्या 1986 च्या कायद्याला काही अभ्यासक मैलाचा दगड मानतात. हे मानणे कठीण आहे. त्याच्या व्याख्येत ‘अवमान’ आहे, पण नजर शरीरावरून हलत नाही. छापील मजकूर आणि जाहिरातींपलीकडे त्याची कक्षा रुंदावणारे 2012 चे विधेयकही पुढे मागे घेतले गेले.

खरे समतेचे कलम दडले आहे ते 1994 च्या केबल नियमांतल्या जाहिरात संहितेत. स्त्री निमूट, आज्ञाधारक दाखवून तिला घरात आणि समाजात दुय्यम भूमिकेकडे ढकलणारी जाहिरात दाखवता येत नाही, असे ते सांगते. इथे प्रश्न कपड्यांचा उरत नाही, स्थानाचा होतो. या सहस्रकाच्या आरंभी गोरेपणाच्या क्रीमची एक जाहिरात गाजली. निवृत्त बाप मुलगा नसल्याची खंत करतो. मुलगी ते ऐकते, क्रीम लावते, उजळते आणि हवाई सुंदरीची नोकरी मिळवून घर सावरते. उघडेवाघडे काहीच नाही, त्यामुळे शालीनतेच्या पहारेकऱ्यांना खटकण्याजोगे काही नव्हते. अखिल भारतीय जनवादी महिला संघटनेने मात्र मानवाधिकार आयोगाकडे तक्रार नेली, ती माहिती-प्रसारण मंत्रालयापर्यंत पोचली आणि 2003 मध्ये जाहिरात पडद्यावरून गेली. बापाची खंत आणि मुलीचा रंग, दोन्हींचा धंदा होतो आहे हे या बायकांनी नेमके ओळखले होते.

स्वनियमन पुरेसे आहे, असा दावा करणारे हा क्रम विसरतात. उद्योगाची स्वनियामक संस्था असलेली जाहिरात मानक परिषद स्थापन झाली 1985 मध्ये. गोरेपणाच्या जाहिरातींसाठी तिची खास मार्गदर्शक तत्त्वे आली 2014 मध्ये आणि लिंगभावाच्या साचेबंद चित्रणाविषयीची 2022 मध्ये. आधी संघटना झगडल्या, मग उद्योग हलला. आज तक्रारीची सोय मोबाइलवर आली, पण अभ्यास करून, चिकाटीने तक्रार लढवणारे गट विरळ झाले, ही मोठी हानी आहे.

समाजमाध्यमांसाठी 2021 च्या नियमांनी खाजगी अंगाची किंवा नग्न चित्रे तक्रारीनंतर 24 तासांत हटवण्याची तरतूद केली. ती गरजेची होती. पण प्रश्न पुन्हा शरीरापाशीच थांबतो.

सिनेमाच्या परिनिरीक्षणात स्त्रियांना हीन दाखवू नये हे तत्त्व जुनेच. तरीही ‘लिपस्टिक अंडर माय बुरखा’ला 2017 मध्ये प्रमाणपत्र नाकारताना चित्रपट स्त्रीकेंद्री असल्याचा उल्लेख झाला आणि अपिलात जावे लागले. ते अपील न्यायाधिकरण 2021 मध्ये बरखास्त झाले. प्रमाणन मंडळात किमान एक तृतीयांश स्त्रिया असाव्यात, अशी तरतूद 2024 च्या नियमांनी केली. वृत्तपत्रे आणि वृत्तवाहिन्यांच्या संपादकीय निर्णयपदांसाठी असे कोणतेही प्रमाण कायद्यात नाही.