घाटाखालच्या गावातून परदेशी विद्यापीठात

रायगड जिल्ह्याच्या महाड तालुक्यात, वरंध घाटाच्या परिसरात सह्याद्रीच्या उतारावर तळीये हे गाव वसलेले आहे. २२ जुलै २०२१ रोजी अतिवृष्टीत डोंगराचा कडा खचून गावातील एका वाडीवर कोसळला आणि ऐंशीहून अधिक माणसे दगावली. त्या दिवसापासून या गावाचे नाव साऱ्या महाराष्ट्राला ठाऊक झाले. वाचलेल्यांच्या पुनर्वसनासाठी म्हाडामार्फत घरे उभारण्याचे काम हाती घेण्यात आले. परंतु गाव पुन्हा उभे राहणे म्हणजे केवळ घरे उभी राहणे नव्हे. त्या गावातील मुलामुलींचे शिक्षण कोठपर्यंत जाते, यावरही ते अवलंबून असते.

अशा गावातील एखादी विद्यार्थिनी पदवीपर्यंत पोहोचली आणि परदेशातील विद्यापीठात सहा महिने वा दोन वर्षे शिकण्याची संधी तिच्यापुढे आली, तर तिला कशाची गरज भासेल? पैसा हवा, हे उत्तर सर्वांना सुचते. परंतु पैशाइतकीच गरज वेळेवर मिळालेल्या माहितीची आणि बिनचूक कागदपत्रांची असते. या दोन्ही गोष्टी गावाच्या शाळेत, ग्रामपंचायतीत आणि तहसील कचेरीतच तयार होतात.

एका विद्यार्थ्याचा प्रवास

परदेशी शिक्षणाने काय घडू शकते, याचे सर्वांत मोठे उदाहरण महाडच्याच भूमीशी निगडित आहे. डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांचे नाव ७ नोव्हेंबर १९०० रोजी साताऱ्याच्या सरकारी शाळेच्या पटावर दाखल झाले. शाळेच्या रजिस्टरातील ती नोंद आजही जपून ठेवलेली आहे आणि २०१७ पासून हा दिवस राज्यात विद्यार्थी दिन म्हणून पाळला जातो. पुढे मुंबईच्या एल्फिन्स्टन महाविद्यालयातून त्यांनी पदवी संपादन केली. १९१३ च्या फेब्रुवारीत त्यांचे वडील निवर्तले. त्याच वर्षी जूनमध्ये बडोद्याचे महाराज सयाजीराव गायकवाड यांच्या संस्थानाशी करार होऊन त्यांना तीन वर्षांसाठी दरमहा साडेअकरा पौंडांची शिष्यवृत्ती मिळाली. परतल्यावर दहा वर्षे संस्थानची नोकरी करावी, अशी अट होती.

जुलै १९१३ मध्ये हा बावीस वर्षांचा तरुण न्यूयॉर्कला पोहोचला आणि कोलंबिया विद्यापीठात दाखल झाला. परदेशी गेलेल्या प्रत्येक विद्यार्थ्याला ज्या अडचणी येतात, त्या त्यालाही आल्या. विद्यापीठाच्या वसतिगृहातील जेवण रुचेना, म्हणून त्याने मुक्काम हलविला. पुढे नवल भथेना या पारशी विद्यार्थ्याबरोबर तो दुसऱ्या वसतिगृहात राहू लागला आणि ही मैत्री जन्मभर टिकली. तुटपुंज्या शिष्यवृत्तीतून घरीही पैसे पाठवावे लागत. मात्र एक अनुभव अगदी नवा होता. येथे कोणी त्याची जात विचारीत नव्हते. वर्गात, ग्रंथालयात, भोजनगृहात त्याला इतरांच्या बरोबरीने बसता येत होते.

कोलंबियातील अभ्यासक्रमाची रचना विद्यार्थ्याला विषय निवडण्याची मुभा देणारी होती. या मुभेचा त्याने पुरेपूर उपयोग केला. तेथील वास्तव्यात त्याने अर्थशास्त्राचे २९, इतिहासाचे ११, समाजशास्त्राचे ६, तत्त्वज्ञानाचे ५, मानववंशशास्त्राचे ४ आणि राज्यशास्त्राचे ३ अभ्यासक्रम घेतले. शिवाय फ्रेंच व जर्मन भाषांचा प्राथमिक परिचयही करून घेतला. जॉन ड्युई, एडविन सेलिग्मन यांच्यासारखे अध्यापक त्याला लाभले. १९१५ मध्ये त्याला एम.ए. ची पदवी मिळाली. ९ मे १९१६ रोजी डॉ. गोल्डनवायझर यांच्या चर्चासत्रात त्याने भारतातील जातिसंस्थेच्या उत्पत्तीवर निबंध वाचला. आपल्या गावकुसाबाहेर सोसलेल्या अनुभवाकडे शास्त्राच्या दृष्टीने पाहण्याची शिस्त या चर्चासत्रांतून मिळाली.

१९१६ मध्ये ते लंडनला गेले. परंतु शिष्यवृत्तीची मुदत संपल्याने १९१७ मध्ये अभ्यास अर्धवट टाकून त्यांना परतावे लागले. त्यांचे सामान व पुस्तके घेऊन येणारे जहाज महायुद्धात पाणतीराने बुडाले. बडोद्यास नोकरीवर रुजू झाल्यावर राहण्यास जागासुद्धा मिळाली नाही. मुंबईच्या सिडनहॅम महाविद्यालयात अध्यापन करून त्यांनी पैसा साठविला, कोल्हापूरचे राजर्षी शाहू महाराज व मित्र भथेना यांचे साहाय्य मिळाले आणि १९२० मध्ये ते पुन्हा लंडनला गेले. तेथे उरलेला अभ्यास त्यांनी पूर्ण केला.

२० मार्च १९२७ रोजी महाडला चवदार तळ्याचे पाणी प्राशन करून समतेचा हक्क बजावणारे नेते हेच होते. त्याच वर्षी जूनमध्ये कोलंबिया विद्यापीठाने त्यांना पीएच.डी. ची पदवी दिली. तळ्याचा सत्याग्रह आणि विद्यापीठाची पदवी एकाच वर्षातील आहेत, ही गोष्ट शिक्षकांनी विद्यार्थ्यांना अवश्य सांगावी.

सत्र म्हणजे काय?

परदेशी विद्यापीठांचे वर्ष सामान्यतः दोन सत्रांत विभागलेले असते. पहिले सत्र ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये सुरू होऊन डिसेंबरच्या सुमारास संपते आणि दुसरे जानेवारीच्या सुमारास सुरू होते. परदेशात शिकण्याचे दोन मार्ग आहेत. पहिल्यात विद्यार्थी तेथील पूर्ण पदवी घेतो. दुसऱ्यात तो आपल्याच विद्यापीठाचा विद्यार्थी राहून एखादे सत्र परदेशात घालवितो आणि तेथील अभ्यास त्याच्या येथील पदवीत मोजला जातो. युरोपात अशा देवाणघेवाणीसाठी इरॅस्मस ही योजना १९८७ मध्ये सुरू झाली आणि लक्षावधी विद्यार्थ्यांनी तिचा लाभ घेतला आहे.

हा अभ्यास मोजण्याचे माप म्हणजे श्रेयांक होय. विद्यार्थ्याने एखाद्या विषयासाठी किती अभ्यास केला, हे श्रेयांकांवरून ठरते. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०२१ मध्ये श्रेयांकांच्या नोंदीसाठी शैक्षणिक श्रेयांक पेढीची व्यवस्था केली. ज्याप्रमाणे बँकेत रक्कम जमा राहते, त्याप्रमाणे येथे श्रेयांक जमा राहतात. २०२२ च्या विनियमांनी भारतीय व परदेशी विद्यापीठांना परस्पर सहकार्याने अभ्यासक्रम चालविण्याची वाट मोकळी केली. अशा एका प्रकारात परदेशात मिळविलेले श्रेयांक एकूण श्रेयांकांच्या ३० टक्क्यांपर्यंत धरता येतात.

येथे एक सावधगिरी आवश्यक आहे. दोन विद्यापीठांत करार नसेल, तर परदेशात घालविलेले सत्र येथे मोजले जाईलच असे नाही आणि विद्यार्थ्याचे वर्ष वाया जाण्याचा संभव असतो. म्हणून कोणत्या विषयांचे किती श्रेयांक मान्य होतील, हे निघण्यापूर्वीच आपल्या विद्यापीठाकडून लेखी घेतले पाहिजे.

शिष्यवृत्तीची वाट

सयाजीराव महाराजांनी एका विद्यार्थ्यासाठी केले, ते आज शासनाच्या योजनांतून अनेकांसाठी होऊ शकते. केंद्र शासनाची राष्ट्रीय परदेशी शिष्यवृत्ती १९५० च्या दशकापासून चालू आहे. राज्याच्या सामाजिक न्याय विभागाने २००३ मध्ये अनुसूचित जातींच्या विद्यार्थ्यांसाठी राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती योजना सुरू केली. जागतिक क्रमवारीत पहिल्या २०० मध्ये असलेल्या विद्यापीठात पदव्युत्तर वा पीएच.डी. अभ्यासक्रमास प्रवेश मिळविणाऱ्यांना तिचा लाभ होतो. आदिवासी, इतर मागासवर्गीय, विमुक्त व भटक्या जमाती आणि खुल्या प्रवर्गातील विद्यार्थ्यांसाठीही संबंधित विभागांच्या स्वतंत्र योजना आहेत.

या शिष्यवृत्त्या मुख्यतः पूर्ण अभ्यासक्रमासाठी असतात. एका सत्रासाठी जाणाऱ्या विद्यार्थ्याने प्रथम आपल्या विद्यापीठाच्या आंतरराष्ट्रीय विभागाकडे आणि यजमान विद्यापीठाकडे चौकशी करावी. उत्पन्नाची मर्यादा, वयाची अट व जागांची संख्या वेळोवेळी बदलते. म्हणून त्या वर्षीचा शासन निर्णय व जाहिरात प्रत्यक्ष वाचावी. ऐकीव माहितीवर विसंबू नये.

तयारी गावातच

परदेशी विद्यापीठाची प्रवेशप्रक्रिया सत्र सुरू होण्याच्या सुमारे वर्षभर आधी सुरू होते. इंग्रजीची परीक्षा, अध्यापकांची शिफारसपत्रे, पारपत्र, प्रवेशपत्र आणि त्यानंतर व्हिसा, असा हा क्रम असतो. यात एक कागद उशिरा मिळाला, तर पुढची सारी साखळी खोळंबते आणि गुणवत्ता असूनही विद्यार्थी मागे राहतो.

यांपैकी जातीचा दाखला व वैधता प्रमाणपत्र यांना सर्वाधिक वेळ लागतो. त्यासाठी जुना पुरावा द्यावा लागतो. अनुसूचित जातींसाठी १० ऑगस्ट १९५०, विमुक्त जाती व भटक्या जमातींसाठी २१ नोव्हेंबर १९६१ आणि इतर मागासवर्गीयांसाठी १३ ऑक्टोबर १९६७ या दिनांकांपूर्वीच्या नोंदी पाहिल्या जातात. अशी नोंद बहुधा आजोबांच्या शाळेच्या जनरल रजिस्टरात किंवा गावाच्या जन्ममृत्यूच्या दप्तरात असते. म्हणजे नातीने परदेशी विद्यापीठात पाऊल ठेवावे की नाही, हे काही अंशी सत्तर वर्षांपूर्वीच्या एका शाळामास्तरांच्या हस्ताक्षरावर अवलंबून असते!

दरडीच्या गावांना हा प्रश्न अधिक तीव्रतेने जाणवतो. डोंगर कोसळतो तेव्हा घराबरोबर पेटीतली गुणपत्रके, दाखले आणि जमिनीची कागदपत्रेही मातीखाली जातात. महाड व पोलादपूर तालुक्यांतील अनेक वाड्या डोंगरउतारावर आहेत. तेथील शाळांनी व ग्रामपंचायतींनी जुनी रजिस्टरे सुरक्षित जागी ठेवावीत आणि त्यांच्या छायाप्रती गावाबाहेर, तालुक्याच्या ठिकाणी जपाव्यात. माध्यमिक शिक्षण मंडळाची गुणपत्रके डिजिलॉकरवर उपलब्ध होतात. प्रत्येक विद्यार्थ्याचे खाते दहावीतच उघडून देणे शिक्षकांना सहज शक्य आहे.

ग्रामपंचायतीने फलकावर शिष्यवृत्त्यांच्या अंतिम तारखा लावाव्यात. तहसील कार्यालयाने उत्पन्नाच्या दाखल्याचा अर्ज करणाऱ्या विद्यार्थ्याची निकड लक्षात घ्यावी. माणगाव तालुक्यात लोणेरे येथे डॉ. बाबासाहेब आंबेडकर तंत्रशास्त्र विद्यापीठ आहे आणि महाड येथे महाविद्यालय आहे. तेथील प्राध्यापकांना गावच्या शाळेत वर्षातून एकदा बोलाविले, तर नववी-दहावीच्या मुलांना पुढचा रस्ता दिसू लागेल.

परतीचे मोल

परदेशातील एक सत्र हा काही चमत्कार नव्हे. नवे हवामान, परकी भाषा, स्वतः रांधून खाणे, पहिल्या महिन्यातील एकटेपणा आणि खर्चाचा काटेकोर हिशेब हे सारे त्यात येते. परंतु गुरूला प्रश्न विचारण्याची सवय, ग्रंथालयाचा मुक्त वापर आणि आपल्या गावाकडे दुरून पाहण्याची दृष्टी ही त्याची खरी कमाई होय. घाटाखालच्या मुलीने भूस्तरशास्त्र शिकले, तर आपल्या माथ्यावरचा डोंगर का खचतो, हे ती जाणकाराच्या अधिकाराने सांगू शकेल.

साताऱ्याच्या शाळेतील एका नोंदीपासून निघालेली वाट न्यूयॉर्क व लंडनवरून चवदार तळ्यापर्यंत आली. तळीयेच्या आणि तशा प्रत्येक गावाच्या शाळेतील पटावर आज अशाच नोंदी होत आहेत. त्या नीट लिहिणे, जपणे आणि वेळेवर हाती देणे, एवढे काम तरी गावाच्या आणि शासनाच्या हाती निश्चितच आहे.