निद्रापक्षाघात आणि शरीराबाहेर गेल्याचा भास

स्वप्नांच्या, म्हणजे ‘रेम’ झोपेत मेंदू हातापायांचे स्नायू निष्क्रिय ठेवतो. स्वप्नातली धावपळ प्रत्यक्षात होत नाही ती त्यामुळेच. ही स्थिती ओसरण्याआधी जाग आली, की डोळे उघडतात, छत दिसते, पण बोटही हलत नाही; हाच निद्रापक्षाघात. काही सेकंदांत, फार तर काही मिनिटांत अंग मोकळे होते. या वेळी होणाऱ्या भासांपैकी छातीवर कुणी बसल्याचा भास सर्वांत भीतीदायक. काहींना मात्र आपण वर तरंगतो आहोत आणि शरीर खाली पडले आहे, असे वाटते. तोल, स्पर्श आणि दृष्टी यांच्या संवेदनांची मेंदूत सांगड न बसणे, हे त्याचे संभाव्य कारण. २००२ मध्ये मेंदूविज्ञान संशोधक ओलाफ ब्लांके यांच्या गटाने अपस्माराच्या एका रुग्ण महिलेच्या मेंदूतील उजव्या ‘अँग्युलर जायरस’ या भागाला विद्युतप्रवाहाने चेतवले, तेव्हा पूर्ण जागेपणी तिला असाच अनुभव आला. अपुरी झोप आणि उताणे झोपणे यांमुळे निद्रापक्षाघाताची शक्यता वाढते.