वेगळी चूल की पंगत?

लिहिणाऱ्याला कागद-लेखणी मिळाली म्हणजे सारे मिळाले, असे नाही. लिहिलेले छापायचे कुठे, हा प्रश्न पाठोपाठ येतोच. दुसऱ्यांनी चालविलेल्या नियतकालिकात जागा मागावी, की स्वतःचेच पत्र काढावे? आमच्या वर्गातील सहा जणांत यंदा हा वाद चांगलाच रंगला. निमित्त माझ्या लेखाचे. माझी आई सोलापुरात विड्या वळते. तिच्या कामावरचा माझा लेख एका मासिकाने ‘विषय आमच्या वाचकांना रुचणारा नाही’ असा शेरा मारून साभार परत केला. “आता आपलेच अनियतकालिक काढू,” असे मित्रमैत्रिणींचे म्हणणे पडले. म्हटले, आधी दोन्ही वाटांचा हिशेब मांडून पाहावा.

१८८१ साली ‘केसरी’ निघाला तो मित्रांच्या एकत्रित उद्योगातून. आगरकर त्याचे पहिले संपादक. परंतु सामाजिक सुधारणेच्या प्रश्नावर टिळकांशी त्यांचे मतभेद वाढत गेले. पत्र अनेकांचे असले की एकट्याचे मत मोकळेपणी मांडणे अवघड होते. १८८७ मध्ये आगरकरांनी ‘केसरी’ सोडला आणि १८८८ मध्ये ‘सुधारक’ काढला. तेथेही ते अगदी एकटे नव्हते. इंग्रजी मजकुराची बाजू गोपाळ कृष्ण गोखल्यांनी सांभाळली.

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांपुढे तर निवडीचा प्रश्नच नव्हता. अस्पृश्यांचे म्हणणे त्यांच्याच शब्दांत छापील असे पत्र हाताशी नव्हते. म्हणून १९२० च्या जानेवारीत ‘मूकनायक’ निघाले. राजर्षी शाहू महाराजांनी त्यासाठी अडीच हजार रुपयांचे साहाय्य केले. पुढे १९२७ मध्ये त्यांनी ‘बहिष्कृत भारत’ सुरू केले. त्याचे रकानेच्या रकाने बाबासाहेबांना स्वतः लिहून भरावे लागत. पैशाची ओढाताण सरली नाही आणि १९२९ मध्ये ते पत्र थांबले. स्वतःच्या पत्रात मताला मोकळीक असते खरी; पण वर्गणी, कागद, छपाई, टपाल हे सारे ओझेही आपल्याच खांद्यावर येते.

सर्वांच्या पत्राचा मोठा लाभ म्हणजे तयार वाचक आणि जाणता संपादक. ‘सत्यकथे’चे संपादक लेखकाशी पत्रव्यवहार करून कथा पुन्हा लिहवून घेत. स्वतःच्या पत्रात असा कान धरणारा कोण असतो? मात्र अशा पत्राची अभिरुची ठरून गेली की नव्या लेखनाला दार लहान पडते. साठच्या दशकात अशोक शहाण्यांचे ‘असो’ आणि इतर लघुअनियतकालिके निघाली, ती याच कोंडीतून. त्यांतील बरीचशी अल्पायुषी ठरली. ‘सत्यकथा’ही १९८२ मध्ये बंद झाली. तेव्हा टिकाऊपणावरून निवड करण्यात अर्थ नाही.

मला वाटते, लेख परत आला की एकच विचारावे : तो मांडणीसाठी नाकारला की विषयासाठी? मांडणी कच्ची असेल तर पंगतीतच बसून शिकावे. विषयालाच ताट मिळत नसेल, तर वेगळी चूल मांडण्यावाचून गत्यंतर नाही. पण त्या चुलीवर केवळ आपल्यापुरते शिजवू नये. गंगाधर पानतावण्यांनी औरंगाबादेत, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरात, ‘अस्मितादर्श’ चालविले. ते त्यांच्या एकट्याचे न राहता दलित लेखकांच्या पिढ्यांचे व्यासपीठ झाले.

आम्हीही अंक काढायचे ठरविले आहे. सोळा पाने, खर्च सहा जणांत वाटून. त्यांतील निम्मी पाने आमच्याखेरीज इतरांसाठी राखून ठेवली आहेत. घरात तेलुगू, गल्लीत कन्नड आणि वर्गात मराठी बोलणारी कितीतरी मुले आपल्या कॉलेजात आहेत. ज्यांचे लेखन कुठून तरी साभार परत आले असेल, त्यांनी ते आमच्याकडे जरूर द्यावे. मांडणी कच्ची वाटली, तर परत करताना आम्ही कारण लिहून देऊ.