सांधेदुखी : आधी कारण ओळखा, मग उपचार घ्या

दोन हाडे जिथे जुळतात तो सांधा. हाडांच्या टोकांवरील कूर्चा, सांध्याचे आवरण, त्यातील वंगणासारखा द्रव किंवा भोवतालचे स्नायुबंध यांपैकी कशालाही बाधा झाली, तरी सांधा दुखतो. म्हणून सांधेदुखी हा एक आजार नसून अनेक आजारांचे लक्षण आहे. ‘वय झाले’ किंवा ‘वात आहे’ असे म्हणून दुखणे अंगावर काढल्यास आटोक्यात येऊ शकणारा आजारही सांधा कायमचा निकामी करू शकतो. दुखणे केव्हा सुरू झाले, कोणते सांधे दुखतात, सकाळचा ताठरपणा किती वेळ टिकतो आणि ताप आहे काय, या चार गोष्टी डॉक्टरांना अवश्य सांगाव्यात.

झिजेमुळे होणारा संधिवात
हा उतारवयात, बहुधा गुडघ्यांत आढळतो. जिना चढताना-उतरताना व मांडी घालून उठताना दुखते, विश्रांतीने बरे वाटते. सकाळचा ताठरपणा साधारणतः अर्ध्या तासात जातो. वजन आटोक्यात ठेवणे आणि मांडीच्या स्नायूंचा नियमित व्यायाम हे यावरील मुख्य उपचार होत. पूर्ण विश्रांतीने स्नायू दुबळे होऊन त्रास वाढतो.

आमवात
यात शरीराची संरक्षक यंत्रणा स्वतःच्याच सांध्यांवर हल्ला करते. दोन्ही हातांची बोटे व मनगटे सुजतात आणि सकाळचा ताठरपणा तासभर किंवा अधिक टिकतो. हा आजार स्त्रियांमध्ये अधिक असून ऐन उमेदीच्या वयातही होतो. औषधे लवकर सुरू केल्यास बोटे वाकडी होणे टाळता येते. सांध्यांची सूज सहा आठवडे टिकेपर्यंत थांबू नये.

गाउट
रक्तातील युरिक आम्ल वाढून त्याचे स्फटिक सांध्यात साठतात. बहुधा रात्री अचानक पायाचा अंगठा लाल होऊन असह्य ठणकतो. मद्यपान व मूत्रपिंडाचे विकार यांमुळे धोका वाढतो.

तापानंतरची सांधेदुखी : चिकुनगुन्या
एडिस डासामुळे पसरणारा हा आजार भारतात १९६३ मध्ये कोलकात्यात आढळला. १९६४ मध्ये चेन्नईत (तेव्हाचे मद्रास) आणि १९७३ मध्ये सोलापूर जिल्ह्यातील बार्शीत त्याची साथ आली. पुढे तीस वर्षे तो जवळजवळ विस्मृतीत गेला आणि २००५-०६ मध्ये महाराष्ट्र व तमिळनाडूसह अनेक राज्यांत परतला. ताप काही दिवसांत उतरतो, मात्र सांधेदुखी काही रुग्णांत कित्येक महिने राहते.

अशा आजारांच्या तपासणीसाठी देशात ठरावीक प्रयोगशाळा आहेत. चेन्नईतील गिंडी येथे १८९९ मध्ये स्थापन झालेली किंग इन्स्टिट्यूट ही त्यांतील एक शिखर संदर्भ प्रयोगशाळा होय. चाचणीचे संच पुण्याची राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्था पुरवते. प्रतिपिंडांची रक्तचाचणी ताप आल्यावर साधारण पाच दिवसांनी उपयोगी ठरते.

डेंग्यू नाही हे निश्चित होईपर्यंत ॲस्पिरिन, आयबुप्रोफेन किंवा डायक्लोफिनॅक घेऊ नये, कारण त्यामुळे रक्तस्रावाचा धोका वाढतो. तापासाठी डॉक्टरांच्या सल्ल्याने पॅरासिटामॉल घ्यावे. आठवड्यातून एक दिवस पाण्याची भांडी घासून कोरडी करावीत.

विलंब न करता रुग्णालयात जा
• एकच सांधा अचानक लाल, गरम व सुजलेला असून ताप आहे. सांध्यात जंतुसंसर्ग असल्यास काही दिवसांतच सांधा नष्ट होऊ शकतो.
• घसा दुखून गेल्यावर मुलाचे सांधे एकामागून एक सुजतात. हा संधिवाताचा ताप असू शकतो व त्याने हृदयाच्या झडपा खराब होतात.
• इजेनंतर सांध्यावर भार देता येत नाही.

एकच सांधा हळूहळू सुजत असेल, वजन घटत असेल व सायंकाळी ताप येत असेल, तर क्षयरोगाची तपासणी करून घ्यावी.

हे टाळा
नाव नसलेल्या पुड्या व गोळ्या घेऊ नयेत. त्यांत स्टेरॉइड मिसळलेले असल्यास दोन दिवसांत गुण येतो, परंतु पुढे मधुमेह, हाडांचा ठिसूळपणा व जंतुसंसर्ग ओढवतो. अशी औषधे अनेक दिवस घेतली असल्यास ती अचानक बंद न करता डॉक्टरांना दाखवावीत. वेदनाशामक गोळ्या सल्ल्याविना रोज घेतल्यास मूत्रपिंड व जठरास अपाय होतो.

वृद्धांसाठी
गिंडी येथेच २०२४ मध्ये वृद्धांसाठी राष्ट्रीय केंद्र सुरू झाले आहे. तथापि, प्रथम तपासणीसाठी दूर जाण्याची आवश्यकता नाही. राष्ट्रीय वृद्ध आरोग्य सेवा कार्यक्रमांतर्गत जिल्हा रुग्णालयांत वृद्धांसाठी सेवा उपलब्ध आहे. घरातील वडीलधाऱ्यांनी चालणे कमी केले असेल, तर कारण विचारावे. पुष्कळदा ते दुखणे सांगत नाहीत. त्यांना जवळच्या आरोग्य केंद्रात न्यावे व सध्या चालू असलेली सर्व औषधे सोबत ठेवावीत.